एकट्याची वाट

गेल्या मार्गशीर्षांत मी एकटा मोटारसायकलीवरून कोंकणच्या किनाऱ्यानें जावयास निघालों. गाडीवर पिशव्या बांधीत असतांना पत्नीनें दारांत उभें राहून एक प्रश्न विचारला : "तुम्हांला वाटेंत कांहीं झालें, तर तें तुमचें एकट्याचें असेल का?" प्रश्नांत राग नव्हता, विनवणीहि नव्हती, तिला खरोखरच उत्तर हवें होतें. पंचवीस वर्षें नीतिशास्त्र शिकविणाऱ्या मनुष्याजवळ तें तयार असावयास पाहिजे होतें. पण मीं पिशवीची दोरी पुन्हां एकदां ओढून पाहिली, आणि "लौकर परत येतों" असें म्हणून निघालों. हें उत्तर नव्हे, हें आम्हां दोघांनाहि कळत होतें. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरां दिलेलें उत्तर होय.

प्रथमदर्शनीं हा प्रश्न केवळ घरगुती वाटेल. पन्नाशी उलटलेल्या गृहस्थानें फटफटीवर बसून समुद्रकांठीं हिंडावें कीं नाहीं, हें तो आणि त्याच्या घरचीं माणसें पाहून घेतील, असें कोणी म्हणेल. परंतु थोडा विचार केल्यास दिसून येईल कीं, नीतिशास्त्रांतील एक मोठा वाद ह्या दारांतल्या प्रश्नांत सांठलेला आहे. जॉन स्टुअर्ट मिल यानें १८५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथांत मनुष्याच्या कृत्यांचे दोन वर्ग पाडले : ज्यांचा परिणाम मुख्यतः कर्त्यावरच होतो तीं, आणि ज्यांची झळ दुसऱ्याला लागते तीं. पहिल्या वर्गांत समाजानें हात घालूं नये, असा त्याचा सिद्धांत. त्याच ग्रंथांत एका पुलाचें उदाहरण आहे. पूल मोडकळीस आलेला आहे आणि कोणी अनभिज्ञ वाटसरू त्यावर पाऊल टाकीत आहे; सांगावयास वेळ नसेल, तर त्याला धरून मागें ओढल्यानें त्याच्या स्वातंत्र्यावर घाला पडत नाहीं, कारण नदींत पडण्याची त्याची इच्छाच नसते. मात्र पूल पडेलच अशी खात्री नसून तसा नुसता संभव असेल, तर त्याला सावध करावें आणि निर्णय त्याच्यावर सोपवावा. ह्या उदाहरणांत मला माझी बाजू भक्कम दिसत होती. मोटारसायकलींत धोका आहे. तो मला ठाऊक आहे. घरून सूचनाहि मिळाली आहे. आतां निर्णय माझा.

ह्या युक्तिवादाच्या जोरावर मी मुरुडहून दक्षिणेची वाट धरली. एकट्यानें जाण्यांत जें सुख आहे तें मी येथें कमी करून सांगणार नाहीं. तसें केल्यास पुढचें सगळें विवेचन लबाडीचें होईल. बरोबर कोणी असलें म्हणजे आपण देखावा नीट पाहण्यापूर्वींच त्याविषयीं बोलूं लागतों. एकट्याला कोणाला कांहीं दाखवावयाचें नसतें. समुद्र उजव्या हाताला असतो; डावीकडे जांभ्याचे गडगे आणि त्यांच्यामागें नारळी-पोफळींचीं आगरें. रस्ता कधीं सुरूच्या बनाला लगटून पुळणीच्या पातळीवर उतरतो, तर कधीं डोंगराच्या कडेनें चढून उघड्या सड्यावर येतो. तेथें वाऱ्याशिवाय कोणी बोलत नाहीं. वर्गांत पुन्हां पुन्हां तेंच बोलून माझे शब्द नाण्यासारखे झिजले होते. दोन दिवस गप्प राहिल्यावर मनांत आलेल्या एखाद्या विचाराला पुन्हां धार असल्याचें जाणवूं लागलें. ज्याला जन्मभर दुसऱ्यांसाठीं बोलावें लागतें, त्याला कांहीं काळ कोणासाठींहि न बोलण्याचा हक्क आहे, असें मला तेव्हां वाटलें, आणि आजहि वाटतें.

परंतु ह्या वाहनाचा एक गुणधर्म विचार करण्यासारखा आहे. दुचाकी वेगांत असली कीं तोल सांभाळण्यास तिला कोणाचा आधार लागत नाहीं. ती थांबली, कीं लागलीच पाय टेकावा लागतो, आणि पायाखालीं घट्ट जमीन लागते. स्वावलंबनाविषयींची आपली कल्पनाहि बहुधा चालत्या गाडीची असते. कोंकणचा किनारा मात्र मनुष्याला फार वेळ चालूं देत नाहीं. सह्याद्रीवरून उतरलेल्या नद्या ठिकठिकाणीं समुद्राला मिळतात आणि रस्ता पाण्याशीं आणून सोडतात. रेवसपासून रेड्डीपर्यंत सागरी महामार्ग नेण्याची योजना जुनी आहे. पण मुरुडपासून रत्नागिरीपर्यंतच्या टप्प्यांत मला राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री ह्या चार खाड्या फेरीबोटीनें ओलांडाव्या लागल्या : आगरदांड्याहून दिघीला, बागमांडल्याहून वेसवीला, दाभोळहून धोपाव्याला आणि तवसाळहून जयगडला. प्रत्येक धक्क्यावर इंजिन बंद करून उभें राहावें लागतें. खिशांत पैसे आहेत, टाकींत पेट्रोल आहे, पण बोट पलीकडच्या तीरावर आहे. शेजारीं मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका असतात, परीक्षेला निघालेलीं मुलें असतात, एखाद्या म्हाताऱ्याला दवाखान्यांत घेऊन चाललेला त्याचा नातू असतो. मला जो देखावा, ती त्यांना रोजची अडचण. तेव्हां ह्या खाड्यांवर पूल व्हावेत, असेंच मी म्हणेन. माझ्या चिंतनाला निवांतपणा मिळावा म्हणून कोणा आजाऱ्यानें बोटीची वाट पाहत बसावें, असें म्हणणें क्रूरपणाचें होईल. तथापि त्या धक्क्यांवर मला जें शिकावयास मिळालें, तें चालत्या गाडीवर मिळालें नसतें.

बागमांडल्याला बसलों असतां समोरचें पाणी सावित्रीचें आहे, ही गोष्ट एकाएकीं मनांत आली. ह्याच नदीवर, वरच्या अंगाला महाडजवळ, मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिश आमदानींतला पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं पुरांत कोसळला. दोन एस्. टी. गाड्या आणि इतर कांहीं वाहनें अंधारांत पाण्यांत गेलीं, आणि वाहून गेलेल्यांचा शोध खालीं खाडीपर्यंत घ्यावा लागला. त्या रात्रीं जवळच राहणाऱ्या एका कामगाराच्या पूल गेल्याचें लक्षांत आलें, आणि त्यानें मागून येणारीं वाहनें थांबविलीं. तीं जर पुढें गेलीं असतीं, तर मृतांचा आंकडा आणखी वाढला असता, हें सांगावयास नको.

मिलचा मोडका पूल मीं पंचवीस वर्षें विद्यार्थ्यांपुढें मांडला आहे. त्या पुलावर पाऊल टाकणाऱ्या मनुष्याचें स्वातंत्र्य कोठपर्यंत आहे, ह्याचा खल केला आहे. पण पुलाच्या तोंडाशीं उभा राहून हांक मारणारा मनुष्य कोण, तो तेथें कां उभा असतो, आणि न पाहिलेल्या वाटसरूविषयीं त्याला काय वाटत असतें, हा प्रश्न मीं एकदांहि विचारला नव्हता. खरें पाहतां सगळें उदाहरण त्याच्यावर उभें आहे. वाटसरूला जर कोणी सावध केलें नाहीं, तर त्याचा निर्णय हा निर्णयच राहत नाहीं. तो नुसता अपघात होतो. ज्याला मी माझें स्वातंत्र्य म्हणत होतों, त्याचा अर्धा भाग असा दुसऱ्याच्या जागेपणावर चाललेला होता.

तिसऱ्या दिवशीं ह्या विचाराचा पुरावा मिळाला. दाभोळची खाडी ओलांडून, गुहागर मागें टाकून हेदवीकडे जात असतां एका उतरणीच्या वळणावर रस्त्यांत लाल खडी पसरली होती. वेग फारसा नव्हता. पुढचें चाक घसरलें आणि मी गाडीसह आडवा झालों. हेल्मेट होतें म्हणून डोकें वांचलें. पण डावा पाय गाडीखालीं अडकला. पावणेदोनशे किलोंचें तें धूड आडवें पडल्या स्थितींत मला तसूभरहि हलेना. फोन खिशांत होता. त्या घळींत त्याला संदेशवहन मिळत नव्हतें. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपांखरूं नाहीं. कोणासाठींहि न बोलण्याचा जो हक्क मीं दोन दिवस उपभोगिला होता, त्याचा त्या वेळीं मला कांहींच उपयोग नव्हता. मीं हांक मारली. कोणाला मारली तें मला सांगतां येणार नाहीं. समोर फक्त आंब्याचीं झाडें होतीं.

कांहीं वेळानें म्हशींच्या गळ्यांतल्या घंटा ऐकूं आल्या. एक साठीचे गृहस्थ, त्यांची सून असावी अशी एक बाई आणि दहा-बारा वर्षांचा एक मुलगा, अशीं तिघें म्हशींमागून येत होतीं. तिघांनीं मिळून गाडी उचलली. बाईनें घरून पाणी आणलें, नंतर चहाहि आणला. मुलानें वांकलेला आरसा सरळ करण्याचा प्रयत्न केला. पाय मोडला नव्हता, घोटा मुरगळला होता; त्यावर त्यांनीं हळद-तेल चोळलें. निघण्याच्या वेळीं मीं पाकीट काढलें, आणि तुमच्यामुळें वांचलों, तुमचे उपकार कसे फेडूं, असलें कांहीं तरी बोललों. गृहस्थांनीं पाकिटाकडे पाहिलें देखील नाहीं. ते म्हणाले, "गाडी वाटेंत आडवी पडलेली, ती उचलल्याशिवाय म्हशी जायच्या कशा?"

ह्या वाक्यानें मी खजील झालों. मीं त्या प्रसंगाला उपकाराचें रूप देऊन, पैसे देऊन, त्यांतून मोकळा होऊं पाहत होतों. आणि त्यांनीं मला मोकळें करण्यासाठींच त्याला म्हशींच्या अडचणीचें रूप दिलें. तरी पैसे घेऊन त्यांनीं मला जितकें मोकळें केलें असतें, तितकें न घेतां केलें नाहीं.

आपल्या देशांत एकट्यानें हिंडण्याची परंपरा जुनी आहे. पाली वाङ्मयांतील सुत्तनिपात ह्या ग्रंथांत गेंड्याच्या एकाकी शिंगाला आदर्श ठरविणारें एक प्रसिद्ध सूक्त आहे. एकांतवासाची इतकी निःसंकोच स्तुति अन्यत्र क्वचित् आढळेल. पण त्याच सूक्तांत, सुज्ञ सोबती भेटल्यास त्याच्याबरोबर जावें, असाहि उपदेश आहे. आणि दुसरी गोष्ट अशी कीं, ज्या भिक्षूंसाठीं हें सांगितलें गेलें त्यांना रोज दुसऱ्याच्या दारांत भिक्षापात्र घेऊन उभें राहावें लागे. आमच्याकडचा परिव्राजक किंवा माधुकरी मागणारा विद्यार्थी ह्यांचीहि तीच स्थिति. हा नियम करणारांनीं मनुष्यस्वभाव चांगला ओळखला होता, असें मला वाटतें. एकटेपणांतून ज्ञान येवो न येवो, अहंकार लौकर येतो. म्हणून त्यांनीं एकाकी मनुष्याला दिवसांतून एकदां तरी कोणापुढें हात पसरावयास लावलें. मोटारसायकलीवरच्या परिव्राजकाजवळ पाकीट असतें. त्याला हात पसरावा लागतो तो पडल्यावरच.

ह्याच किनाऱ्यावरचें, गोव्यांतील सांखवाळ येथें १८७६ सालीं जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींचें उदाहरण येथें आठवल्याशिवाय राहत नाहीं. बुद्धाच्या शोधार्थ त्यांनीं १८९९ सालीं घर सोडलें; मागें तरुण पत्नी आणि लहान मुलगी होती. काशीला अन्नछत्रांत जेवून ते संस्कृत शिकले, पुढें नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असे हिंडले, आणि परत येऊन पाली विद्येचें भांडार त्यांनीं मराठीला खुलें केलें. 'निवेदन' ह्या १९२४ सालच्या आत्मचरित्रांत त्यांनीं आपली वाट लपविलेली नाहीं. त्यांच्या एकट्याच्या प्रवासाचें फळ आपण सर्वांनीं चाखलें. त्याची किंमत मात्र घरांत मागें राहिलेल्या दोघींनींहि दिली. एवढ्या मोठ्या मनुष्याच्या बाबतींत हिशेबाची दुसरी बाजू असेल, तर माझ्यासारख्या हौशी प्रवाशानें ती किती काळजीपूर्वक लिहिली पाहिजे! आणि नेमकी तीच मीं त्या संध्याकाळीं खोटी लिहिली.

जयगडची खाडी ओलांडून मी गणपतिपुळ्याला मुक्कामाला आलों. रात्रीं घरीं फोन केला. पत्नीनें "कसे आहांत?" असें विचारलें; मी म्हणालों, "अगदीं ठीक. आज रस्ता फार सुंदर होता." घोटा सुजून बुटांत मावत नव्हता. मीं तिला काळजींतून वांचविलें, अशी मनाची समजूत घातली. पण ती समजूत टिकेना. ज्याच्या बळावर मी घरून निघालों होतों तो मिलचा न्याय असा होता कीं, धोका कळल्यावर मनुष्यानें आपला निर्णय आपण घ्यावा. मग माझ्या पडण्यामुळें जिच्या आयुष्यावर परिणाम होणार होता, तिलाच मीं तें कळूं दिलें नाहीं. मोडक्या पुलाची बातमी लपविणाऱ्या मनुष्यांत आणि माझ्यांत काय अंतर राहिलें? माझें स्वातंत्र्य राखण्यासाठीं मीं तिचें हिरावून घेतलें होतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आरे-वारेच्या डोंगरावर आलों. त्या चढावरून दोन्ही पुळणी एकदम दिसतात. मध्यें डोंगराचें नाक समुद्रांत शिरलेलें, दोहों बाजूंस पांढरी फेंसाची रेघ, आणि तिच्यापलीकडे क्षितिजापर्यंत पाणी. सबंध वाटेवर मीं इतकें सुंदर स्थळ पाहिलें नव्हतें, आणि तें मला पाहवेना. एकटेपणा जर प्रामाणिक नसेल तर मनुष्य एकटा राहतच नाहीं. ज्याच्याशीं खोटें बोललों तें माणूस शेजारीं येऊन उभें राहतें. तेथें फोन लागत होता. मीं सगळें सांगितलें.

पलीकडे क्षणभर कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग तिनें विचारलें, "घोटा हलतो का?" हलतो, असें मी म्हणालों. "गाडी कोणी उचलली?" मीं म्हशींची हकीकत सांगितली. तिला हंसूं आलें असावें. नंतर तिनें विचारलें, "त्यांचें नांव काय?"

मला नांव ठाऊक नव्हतें. पाकीट काढावयाचें मला सुचलें होतें. नांव विचारावयाचें सुचलें नव्हतें. "त्यांना तरी तुमचें कळलें, आम्हांला आज कळतें आहे," असें म्हणून ती थांबली, आणि शेवटीं म्हणाली, "पुढें जायचें असेल तर जा. पण संध्याकाळीं खरें तें सांगत जा."

मोटारसायकलीच्या इतिहासांत एक मृत्यु प्रसिद्ध आहे. अरबस्तानांतील लढ्यामुळें नांव झालेला टी. ई. लॉरेन्स हा १३ मे १९३५ रोजीं इंग्लंडमध्यें डॉर्सेट परगण्यांतील आपल्या घराजवळच्या रस्त्यानें एकटा येत होता. खोलगट रस्त्यांत सायकलीवरचीं दोन मुलें समोर आलीं; त्यांना चुकवितांना तो पडला आणि सहा दिवसांनीं, वयाच्या शेचाळिसाव्या वर्षीं, वारला. डोक्याला टोपी नव्हती. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नांवाचा मज्जाशस्त्रवैद्य होता. पुढें त्यानें लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि हेल्मेटच्या प्रसाराला त्यामुळें मोठी चालना मिळाली. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें हेल्मेट आवश्यक केलें, तेव्हां व्यक्तिस्वातंत्र्याच्या नांवानें तक्रार करणारे लोक निघाले, आणि अजूनहि निघतात. कधीं काळीं मीहि तसें बोललों आहें. हेदवीच्या वळणावर माझें डोकें ज्या टोपीनें राखलें तिच्यामागें अशा एका परक्या मनुष्याचा मृत्यु होता. लॉरेन्सचें मरणहि त्याचें एकट्याचें नव्हतें : तें त्या दोन मुलांना जन्मभर वागवावें लागलें असेल, एका वैद्याला तें विसरतां आलें नाहीं, आणि मी तर त्याचा वारस निघालों.

तेव्हां दारांतल्या प्रश्नाचें उत्तर "नाहीं" असें आहे. जें होईल तें माझें एकट्याचें असणार नाहीं. ह्यावरून मनुष्यानें एकट्यानें कोठें जाऊंच नये, असा निष्कर्ष मात्र मी काढीत नाहीं. तसा काढल्यास घरांतल्या खुर्चींतूनहि उठतां येणार नाहीं, कारण तेथें येणारें मरणहि एकट्याचें नसतें. एकट्यानें जाण्याचा हक्क आहे. पण तो उसना घेतलेला आहे. घरच्यांनीं काळजी सोसून तो दिलेला असतो, आणि वाटेवरच्या अनोळखी लोकांनीं, आपण देत आहों हें न जाणतां, त्याची हमी घेतलेली असते. उसन्या वस्तूचे दोन साधे नियम आहेत. जिच्याकडून घेतली तिला तिची खरी स्थिति सांगावी. आणि परत करतां येत नसेल, तर निदान पुढच्या गरजवंताच्या उपयोगीं पडावें. पहिला नियम मी मोडला आणि दुसऱ्या दिवशीं दुरुस्त केला. दुसऱ्याचें अजून बाकी आहे.

त्यानंतर मी मालवणपर्यंत गेलों, आणि रोज संध्याकाळीं खरें तें सांगितलें. एका दिवशीं तें ऐकून ती नाराज झाली, एका दिवशीं तिनेंच मला लौकर झोंपावयास सांगितलें. परततांना हेदवीवरून मुद्दाम आलों. तें वळण सांपडलें. खडी कोणी तरी बाजूला लोटली होती. म्हशी नव्हत्या, माणसेंहि दिसलीं नाहींत. जवळच्या वाडीवर तीन घरांत चौकशी केली. तिघांनींहि म्हशी बाळगल्या होत्या, आणि तिन्ही घरांतून, "आमच्यापैकीं नव्हे, पण चहा घेऊन जा," असेंच उत्तर आलें.